तक्रार लहान असतानाच ऐका

(बंगळूर येथे शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आमच्या पिढीने युनियनच्या कचेरीत पाऊल टाकले ते १९७४ च्या संपाच्या गोष्टी ऐकत. ८ मे रोजी सुरू झालेला तो संप वीस दिवस चालला, हजारो कामगार तुरुंगात गेले, घरेदारे उघड्यावर आली. त्या गोष्टी ऐकून आपल्या मनात एक समजूत बसली आहे की लढा म्हणजे देशभर चाके थांबवणारा असला तरच लढा. मग एखादा माणूस पंख्याची, पाण्याच्या माठाची, दोन दिवसांच्या रजेची तक्रार घेऊन आला की आपण तोंडाने नाही पण मनात म्हणतोच, हे काय घेऊन आलास बाबा! मला आज या ‘हे काय’वरच बोलायचे आहे.

आपण बसलो आहोत तिथून कोलारच्या रस्त्याने पन्नास-साठ किलोमीटरवर नरसापूर आहे. तिथे विस्ट्रॉन कंपनीचा आयफोन जोडणीचा कारखाना होता. १२ डिसेंबर २०२० च्या पहाटे रात्रपाळी सुटता सुटता तिथे काय झाले ते आपण टीव्हीवर पाहिले. काचा फुटल्या, गाड्या उलटल्या, सामानाची नासधूस झाली. कंपनीने आधी नुकसानीचा आकडा चारशे कोटींच्या वर सांगितला आणि नंतर तो पुष्कळ खाली आणला. शंभराहून जास्त पोरांना अटक झाली. मोडतोड चुकीचीच होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या यंत्रावर आपले पोट, त्यावर कामगाराने हात टाकू नये.

पण त्या पहाटेच्या आधीचे दोन महिने बघा. कारखान्यातली माणसे थोड्याच काळात पाच हजारांवरून साडेदहा हजारांच्या घरात नेली होती. बहुतेक सगळी ठेकेदारांमार्फत. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. हजेरीची यंत्रणा सदोष होती, म्हणजे माणूस कामावर उभा आणि मस्टरवर गैरहजर! ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पगार काहींना पुरता मिळाला नाही, काहींना वेळेवर मिळाला नाही. हे मी युनियनवाला म्हणून सांगत नाही. राज्याच्या कारखाने खात्याच्या तपासणीत या त्रुटी आढळल्या, आणि काही कामगारांना पगार नीट आणि वेळेवर मिळाला नाही हे कंपनीनेही मान्य करून माफी मागितली. भारतातील कामकाज पाहणाऱ्या उपाध्यक्षाला काढले. ॲपलने नवे काम देणे थांबवले. पुढे २०२३ मध्ये हा कारखाना टाटांकडे गेला.

आता विचार करा. हजेरी लागली नाही ही तक्रार केवढीशी? एका कारकुनाने सकाळी वही घेऊन पाळीच्या दारात उभे राहायचे, नावे लिहायची आणि संध्याकाळी उत्तर द्यायचे. पण विचारायचे कोणाला? लाइनवरचा सुपरवायझर म्हणणार ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणणार कंपनीला विचार. असे टोलवत टोलवत महिना गेला. पोरगा पगाराचा मेसेज बघतो, घरी पैसे पाठवायचे आहेत, खोलीचे भाडे द्यायचे आहे. सुपरवायझर नुसता जवळ येऊन ‘तुझे किती दिवस गेले रे?’ एवढे म्हणाला असता, तरी निम्मा राग तिथेच उतरला असता, असे माझे मत आहे.

याच बंगळूरमध्ये एप्रिल २०१६ मध्ये दुसरा प्रकार घडला. भविष्य निर्वाह निधीचा नियम सरकारने त्या फेब्रुवारीत बदलला होता. मालकाच्या हिश्शाची रक्कम वयाच्या ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असा तो बदल होता. दिल्लीत बसून हे बरोबरच वाटले असेल, म्हातारपणाची सोय! पण कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या बाईला तो पैसा म्हणजे नोकरी सुटल्यावरचे दोन महिने, मुलीची फी, गावाकडचे कर्ज. तिला कोणी विचारले नाही आणि कोणी समजावूनही सांगितले नाही. १८ एप्रिलला हजारो बाया रस्त्यावर आल्या, दुसऱ्या दिवशी बस जळल्या, लाठ्या चालल्या, आणि १९ तारखेलाच सरकारने नियम मागे घेतला. त्यांना कोणी पुढारी नव्हता असे वर्तमानपत्रे कौतुकाने लिहीत होती. मला त्याचे कौतुक वाटले नाही, लाज वाटली. आपण कामगार संघटनावाले दोन महिने कुठे होतो?

दुसऱ्यांचे सांगून झाले, आता माझे सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या एका गँगमधला पोरगा, नोकरीला तीन वर्षे झालेली, कचेरीत आला. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन आठ दिवसांवर आले होते, दोन दिवसांची रजा हवी होती, साहेब देत नव्हते. माझ्यापुढे पीएनएमच्या विषयपत्रिकेचे कागद पसरलेले. मी मान वर न करता म्हणालो, लेखी अर्ज दे, पुढच्या बैठकीत घेतो. बैठक दीड महिन्यावर! तो ‘बरं’ म्हणून गेला. दोनदा परत आला, तेव्हा मी दौऱ्यावर होतो.

मग एका सकाळी मस्टरला सगळ्यांसमोर त्याने परत रजा मागितली. साहेब म्हणाले, तुझ्या आईचे डोळे काय आजच जाणार आहेत? पोराने साहेबांची गचांडी धरली. लगेच निलंबन, मग चार्जशीट, चौकशी. तिच्यात त्याचा बचाव मीच केला. चौदा महिने खेटे घातले तेव्हा नोकरी वाचली, वेतनवाढी मात्र गेल्या. आणि आईच्या ऑपरेशनला तो नव्हताच.

चौकशीत एक गोष्ट कळली ती मी विसरलेलो नाही. त्या साहेबांच्या गँगमध्ये चौदांपैकी सहा जागा रिकाम्या होत्या. सेक्शनवर वेगमर्यादा लागलेली, कंट्रोलचा फोन रोज दोनदा, ‘कधी उठवता?’ तोही माणूस पंधरा दिवस धड झोपला नव्हता. त्याचे बोलणे वाईटच, पण तो राक्षस नव्हता. शेजारच्या गँगमधून दोन दिवसांसाठी एक माणूस मिळाला असता. मी एक फोन केला असता तर! चौदा महिन्यांचे काम एका फोनचे होते, आणि मी पत्रिका टाइप करत बसलो होतो.

म्हणून मी आता मेट, मुकादम, सेक्शन इंजिनियर यांच्याशीही बोलतो. आपल्यातल्या काहींना ते आवडत नाही, ‘सेक्रेटरी साहेबांच्या चहाला जातो’ असे म्हणतात. म्हणू द्या. गँगचा मेट हा आधी त्या गँगचा कर्ता आहे. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण पिऊ लागला आहे, कोण दोन दिवस जेवणाचा डबा आणत नाही, हे त्याला आपल्या आधी दिसते. त्याने ते पाहावे, विचारावे, आणि त्याच्या हातात नसेल ते आपल्यापर्यंत आणावे. तोच घाबरलेला असेल तर गँगचे कोण ऐकणार?

पोस्टातल्या मित्रांना हे वेगळे सांगायला नको. सर्व्हर बंद पडतो दुसरीकडे, आणि शिव्या खातो खिडकीवरचा माणूस. एका पोस्टमनची बीट रिकामी राहते, ती दुसऱ्याच्या पिशवीत पडते. ‘चार दिवस सांभाळून घे’ म्हणतात आणि चार महिने होतात. पोस्टमास्तरने त्या चार दिवसांची तारीख कागदावर लिहून द्यावी, एवढेच आधी मागा. तारीख असली की विचारता येते.

पीएनएम ही आपली १९५२ पासूनची व्यवस्था आहे, ती मोडीत काढा असे मी म्हणत नाही. विभागीय पातळीवर दोन महिन्यांनी बसायचे ते धोरणाचे, क्वार्टर्सचे, रिक्त जागांचे प्रश्न घेऊन. ऑपरेशन आठ दिवसांवर असलेला माणूस तिथे न्यायचा नसतो.

मी एक साधी वही ठेवतो. तारीख, नाव, आणि तक्रार त्याच्याच शब्दांत. आपल्या भाषेत लिहू नका, आपण लगेच ‘सेवाविषयक बाब’ करून टाकतो आणि त्यातला माणूस निघून जातो. पुढे लिहायचे, मी कोणाला विचारले आणि काय उत्तर मिळाले. चार दिवसांत त्याला जाऊन सांगायचे. उत्तर नकाराचे असले तरी सांगायचे, तेव्हा तर नक्कीच, आणि तो काम करतो तिथे जाऊन. ‘होईल, बघतो’ हे दोन शब्द वहीत चालत नाहीत. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या पोराचे नाव आहे, ते मी मागाहून लिहिले.

जेवणानंतर गट पडतील. प्रत्येकाने आपल्या डेपोतली किंवा ऑफिसातली, महिन्याभरात ऐकून सोडून दिलेली एक तक्रार आठवून लिहून आणावी. पीएनएमची नको, लहान आणा. आणि ज्यांच्या ती ध्यानात येणार नाही त्यांनी संध्याकाळी घरी फोन करण्याआधी डेपोत एक फोन करावा, तिथले लोक आठवण करून देतील.