धावत्या गाडीतले यंत्र, गावातले हात



जिल्हाभरातून आलेले डॉक्टर, परिचारिका, 108 च्या ॲम्ब्युलन्सवरचे सहकारी आणि विद्यार्थी यांच्या या परिषदेत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला: हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती दाबण्याचे यंत्र वर्धा जिल्ह्याला कधी मिळणार? त्यावर माझे मत स्पष्ट सांगतो.

छाती न उघडता, नुसत्या तळहातांच्या दाबाने थांबलेल्या हृदयातून रक्त पुढे ढकलता येते, हे 1960 साली जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी जगासमोर मांडले. आज आपण शिकवतो: मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. ज्यांनी हे केले आहे त्यांना ठाऊक आहे, की थोड्याच वेळात खांदे भरून येतात, दाब उथळ होतो आणि करणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. ‘लुकास’चा दट्ट्या किंवा ‘ऑटोपल्स’चा पट्टा मात्र दमत नाही. मग यंत्राने जास्त माणसे वाचायला हवीत.

तशी ती वाचली नाहीत. यंत्र आणि हात यांची तुलना करणाऱ्या 2014 च्या ‘लिंक’ चाचणीत 2589 रुग्ण होते. चार तासांनंतर यंत्राच्या गटात 23.6 टक्के जिवंत होते, हातांच्या गटात 23.7. ब्रिटनच्या ‘पॅरामेडिक’ चाचणीत 4471 रुग्ण होते. तीस दिवसांनंतर हे प्रमाण अनुक्रमे 6 आणि 7 टक्के. यंत्र पाठीखाली सरकवून बसवताना दाब थांबतो, हृदयाला द्यायचा पहिला विद्युत-शॉक लांबतो. माझ्या मते यश तिथेच निसटते.

तरीही यंत्र नको, असे मी म्हणणार नाही. आष्टी-आर्वीकडून सेवाग्राम किंवा सावंगीला धावणाऱ्या ॲम्ब्युलन्समध्ये आपला सहकारी सुरक्षा-पट्टा न लावता, वळणावर तोल सावरत छाती दाबतो. तिथे धड दाब मिळत नाही आणि त्याचा स्वतःचा जीवही धोक्यात असतो. कॅथलॅबमध्ये, विषबाधेच्या लांबलेल्या प्रसंगातही यंत्राचा आधार मोठा. मागणी करायची ती अशा जागांसाठी, आणि यंत्र बसवण्याच्या कसून सरावासह.

पण ही सारी गाडी आल्यानंतरची गोष्ट. कोणी छाती दाबत नसेल, तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. समुद्रपूरच्या शिवारात मोटरपंपाच्या विजेचा धक्का बसून तरणाबांड शेतकरी कोसळतो, तेव्हा जवळ असते ती त्याची बायको, भाऊ, शेजारचा सालगडी. आधी वीज बंद करायची, 108 ला फोन करायचा आणि छाती दाबायला लागायचे, एवढे त्यांना यायलाच हवे. सामान्य माणसासाठी भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत आखली आहे. ती इथे चालते. विहिरीतून काढलेल्या माणसाला आणि लहान मुलांना मात्र श्वासही द्यावा लागतो. आपल्या गावांत विहिरी आहेत, म्हणून हा फरक शिकवणे टाळू नये.

यासाठी नवी योजना लागत नाही. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तिथली प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी गावात मुक्काम करतात, घरोघरी जातात. त्याच मुक्कामात सरावाचा पुतळा सोबत न्यावा. आशाताई, बचत गटाच्या बायका, एसटीचे चालक-वाहक, शाळेतली मोठी मुले यांच्याकडून प्रत्यक्ष दाब देऊन घ्यावेत. नुसती चित्रफीत दाखवून परतू नये. हे कौशल्य काही महिन्यांत ओसरते. तेव्हा पोळ्याच्या आणि होळीच्या सुमारास, बाहेरगावी राहणारी माणसेही घरी आलेली असताना, त्याच गावात उजळणी घ्यावी, असा ठराव मी आपल्यासमोर मांडतो.