आधी तिच्याशी बोला



आज मी माझीच एक चूक सांगणार आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही टँकरच्या रांगेत हंडे लावून बसलो होतो. आमच्या बचत गटातली एक बाई दोन बैठकांना आली नव्हती, हप्ताही राहिला होता. मी सहज म्हणाले, "हप्ता चुकवायला माहेरी जाऊन बसली असेल." एवढंच. संध्याकाळपर्यंत पाड्यात झालं, "गटाचे पैसे घेऊन पळाली."

खरं म्हणजे तिची आई आजारी होती, ती दवाखान्यात आईजवळ बसून होती. नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर. त्याला फोनवर आमची गोष्ट कळली. पुढे तिच्या घरात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. परत आल्यावर तिने गटातून नाव काढायला सांगितलं.

त्या रात्री मी बायबलमधलं याकोबाचं पत्र वाचलं. त्याच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला आगीची उपमा आहे. एक ठिणगी अख्खं रान जाळते. तानसाच्या जंगलाकाठी राहणाऱ्या आपण वणवा पाहिलेला आहे. आग लावणारा पुढे निघून जातो, जळतं ते दुसऱ्याचं.

लोक म्हणतात, चुगल्या बायकांच्याच. पण पौलाने थेस्सलनीका गावच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या घरात डोकावणाऱ्यांना खडसावलं, ते अख्ख्या मंडळीला. पारावरच्या गप्पाही त्यात आल्या.

मग कोणाची चूक दिसली तर करायचं काय? मत्तयाच्या शुभवर्तमानात, 18 व्या अध्यायात, येशूने क्रम सांगितला आहे. आधी एकट्याने त्या माणसाकडे जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या. तरीही नाही ऐकलं, तर मंडळीपुढे ठेवा. आपण नेमकं उलटं करतो. आधी गावाला सांगतो, आणि तिला सगळ्यात शेवटी कळतं.

ही साधी गोष्ट नाही. म्हशीचं दूध आटलं, पोर आजारी पडलं, की कुजबुज सुरू होते आणि एखाद्या एकट्या बाईला "भुताळी" म्हटलं जातं. त्यातून बायकांना मारहाण झाली आहे, गाव सोडावं लागलं आहे. म्हणूनच महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमकी करणी करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते, असं पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड.

आता तुम्ही विचाराल, मग शेजारणीला मार बसत असेल तर "आपल्याला काय करायचंय" म्हणून गप्प बसायचं का? मुळीच नाही. येशूच्या गोष्टीत वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला बघून दोघे जण बाजूने निघून गेले. थांबला तो परका शोमरोनी. तो थांबला, ती लुडबूड नव्हती. म्हणून तिला जाऊन विचारा, तिच्या सोबत उभ्या राहा. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, जिवावर बेतलं तर 112 लावा. जो मदत करू शकेल त्याला सांगणं ही मदत. जो नुसती मजा घेईल त्याला सांगणं ही चुगली.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही बोललात रांगेत आणि माफी मागता घरात?" खरं होतं. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत, सगळ्यांसमोर, मी माझं बोलणं खोटं होतं असं सांगितलं. तिच्या नवऱ्यालाही फोन केला. ती आज गटात आहे. पण पूर्वीसारखी माझ्या शेजारी बसत नाही. ते मला सोसलं पाहिजे.

आमच्या गटाने आता एक ठरवलं आहे. कोणी बैठकीला आली नाही, तर तिच्याविषयी चर्चा नाही. दोघींनी त्याच दिवशी तिच्या घरी जायचं आणि विचारायचं, "बाई, बरी आहेस ना?" तुमच्या गटातही हे करून बघा.