सहीचा हक्क वॉर्डातल्या सिस्टरचा



 वडनेरच्या या परिचर्या परिषदेची मी अध्यक्ष आहे. परिचर्या शिक्षणाचा आढावा अध्यक्षाने घ्यावा, असा रिवाज आहे. 2021 च्या नव्या नियमांनी बीएस्सी नर्सिंगला सत्र पद्धत आली, कौशल्य प्रयोगशाळांवर भर आला, हे तुम्ही जाणताच. आढावा एवढाच. कारण मला एकाच गोष्टीवर बोलायचे आहे आणि ती फार वर्षे मनात साठली आहे: विद्यार्थिनीच्या प्रोसिजर बुकातली, म्हणजे तिने केलेल्या कामांच्या नोंदवहीतली सही.

ही सही कशी होते, ते इथे प्रत्येकीला ठाऊक आहे. पोस्टिंग संपायच्या आदल्या दिवशी वह्यांचा गठ्ठा निघतो. कॅथेटर, रायल्स ट्यूब, ड्रेसिंग, बाळंतपण, सगळे रकाने भरलेले. सगळ्या तारखा एकाच पेनाने, एका बैठकीत टाकलेल्या. आणि काम चालले तेव्हा वॉर्डात नसलेली व्यक्ती खाली सही ठोकते. जिने मुलीचा हात धरून काम करवून घेतले, त्या स्टाफ नर्सचे नाव पानावर कुठेच नाही. मला याची चीड आहे.

सकाळच्या सत्रात मॅनिकिनवर शिकवावे की रुग्णापाशी, यावर खडाजंगी झाली. मी माझ्यापुरता हा वाद एका रात्री मिटलेला पाहिला आहे. खरिपाचे दिवस होते. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतकरी वॉर्डात आला. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अ‍ॅट्रोपिन सुरू झाले. सोबत जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, लॅबमध्ये पहिल्या नंबरची. टॉर्च मारून बाहुल्या पाहायची, नाडी लिहायची, सगळे पद्धतशीर. मी म्हटले, "काखेत हात घालून बघ." ती बिचकली. मी तिचा हात धरून नेला. "ओली आहे, मॅडम." "आता छाती ऐक." घरघर होती. डॉक्टरांना कळवले, डोस वाढला. मग ती आपणहून हात घालू लागली. पहाटेकडे तीच सांगत आली, "काख कोरडी झाली, घरघर थांबली." पुढे रुग्ण बरळू लागला, चादर ओढू लागला, अंग तापले, अ‍ॅट्रोपिन जास्त झाल्याची ही खूण, डॉक्टरांना बोलवायचे, हेही ती त्याच खाटेपाशी शिकली. मॅनिकिनच्या काखेला घाम येत नाही. पहिली सुई धरायला लॅब हवीच, माणसाच्या अंगावर पहिला प्रयोग नको. पण 2017 साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते ज्यांना आठवते त्यांनी या मुलींना काय यायला हवे, ते मला सांगावे.

त्या मुलीच्या वहीवर सही झाली ती त्या रात्री घरी झोपलेल्या व्यक्तीची.

सही वॉर्डातल्या सिस्टरने करावी म्हटले, की तिच्याकडे एमएस्सी नाही, असा आक्षेप येतो. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या निधीतून शाळा निघाली, तेव्हा शिकाऊ मुलींना घडवायचे काम वॉर्डाच्या सिस्टरांकडेच होते आणि त्याचे त्यांना वेगळे मानधन मिळे. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये 1973 पासून 2015 पर्यंत परिचारिकांनी खाटेला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालपत्रात त्या सेवेचे मनापासून कौतुक केले. इतक्या वर्षांत बेडसोअर होऊ दिला नाही, याचाही त्यात उल्लेख आहे. दर थोड्या वेळाने कूस बदलणे, पाठ कोरडी ठेवणे, चादरीची चुणी काढणे, हे जुन्या सिस्टरने नव्या सिस्टरला त्या खाटेपाशी नाही तर कुठे दाखवले असेल?

दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक. तपासणीच्या दिवशी तो पूर्ण दिसतो. पण तो शिक्षक सकाळच्या औषधांच्या फेरीला, रात्रीच्या हँडओव्हरला वॉर्डात असतो का, हे कोण बघते? स्टाफ नर्सला मात्र भरलेला वॉर्ड सांभाळायचा, खाली गाद्या टाकलेल्या रुग्णांचे बघायचे, वर मुली शिकवायच्या, आणि इंजेक्शनला उशीर झाला की बोलणीही तिनेच खायची. शिकवणे तिच्या ड्यूटीच्या तक्त्यात धरलेलेच नाही. मग ती मुलींना बीपी मोजायला आणि सॅम्पल पोचवायला पाठवते. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडणार आहे. जिने काम डोळ्यांनी पाहिले तिचीच सही ग्राह्य धरावी. शिकवण्याचे तास ड्यूटीत मोजावेत, तेवढा वेळ तिच्या खाटा दुसऱ्या कुणी बघाव्यात. आणि त्याचा भत्ता मिळावा. भत्ता किती, नियम कोणी करायचे, हे पुढे समितीने बसून ठरवावे. प्राचार्य मंडळींपैकी काहींना हा ठराव रुचणार नाही. त्यांनी उघड विरोध करावा, मी उत्तर देईन. सूचक मी आहे. अनुमोदनाला मात्र मला प्राध्यापक नको. आज रात्रपाळीला परतणारी एखादी सिस्टर पुढे यावी. तिची गाडी सुटायच्या आत मतदान घेऊ.