नावेवरचा संसार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सावदा येथे दिलेले भाषण)



सावद्याच्या सभेत समुद्राविषयी बोलण्याचे धाडस मी करीत आहे, याचे आपणांस नवल वाटेल. आपला संबंध केळीच्या बागेशी, विहिरीच्या पाण्याशी आणि स्टेशनावरून सुटणाऱ्या केळीच्या वॅगनांशी. समुद्र आपण पाहतो तो मुंबईस गेल्यावर, चौपाटीवर उभे राहून. तथापि आपल्या दक्षिणेकडून वाहणारी तापीमाई अखेर सुरतेपलीकडे त्याच समुद्रास मिळते. तेव्हा तो आपणांस अगदीच परका नाही.

विषय निघाला तो घरातच. माझ्या नातीने नौदलात अधिकारी होण्याचा मानस बोलून दाखविला. मी म्हणालो, “बाई, आपल्या सात पिढ्यांत कोणी होडीत पाऊल ठेवले नाही. तेथे तुझे काय काम?” तिने वाद घातला नाही, ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या दोन नौकांची हकीकत तेवढी माझ्यापुढे वाचावयास ठेवली. ती वाचून माझ्या मनात जे विचार आले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

या दोन्ही शिडाच्या नौका गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधल्या गेल्या. प्रत्येकीची लांबी 56 फूट; म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या वाड्याच्या ओसरीएवढी. ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसे करणारे ते पहिले भारतीय. पुढे त्यांनीच नौदलातील सहा तरुण स्त्री-अधिकाऱ्यांना शिकवून तयार केले. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली त्या सहाजणी 10 सप्टेंबर 2017 रोजी ‘तारिणी’वरून गोव्याहून निघाल्या आणि 21,600 सागरी मैल, म्हणजे सुमारे 40,000 किलोमीटर प्रवास करून 21 मे 2018 रोजी परतल्या. त्याच नौकेवरून 2024-25 मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच प्रदक्षिणा पुरी केली.

पराक्रमाच्या या कथा वर्तमानपत्रांतून आपण वाचल्या असतील. मला मात्र कुतूहल होते ते निराळ्या गोष्टीचे. आठ-आठ महिने ही माणसे त्या इवल्याशा जागेत राहतात कशी? संसार कसा चालतो?

अशा नौकेवरील स्वयंपाकाची शेगडी दोन बाजूंनी झुलती टांगलेली असते. नौका कलली तरी भांडे सरळ राहावे म्हणून. निजण्याच्या फळीला कापडाची आड बांधतात, नाहीतर झोपलेला माणूस खाली पडावयाचा. भोवती अथांग पाणी, परंतु पिण्याचे पाणी वाटीवाटीने मोजलेले. खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र असते. ते बिघडले तर शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी बादलीत धरावयाचे. भांडी समुद्राच्या पाण्यानेच घासावयाची. रात्री सर्वांनी एकदम निजावयाचे नाही. पाळी लावून कोणीतरी जागे राहिलेच पाहिजे. दोघीच असल्या तर एकीची झोप ही दुसरीची जागल.

आणि दिवसाचा मोठा भाग जातो तो डागडुजीत. समुद्राचे खारे पाणी लोखंडास खाते, विजेच्या तारांची जोडणी कुजविते. दोर एकाच जागी कड्यावर घासत राहिला की आतल्या आत झिजतो. म्हणून रोज हाताने चाचपावयाचा, त्याची घासणारी जागा बदलावयाची. डोलकाठीस ताणून धरणाऱ्या तारांचा एखादा पदर तुटला आहे काय, हे पाहण्यासाठी भर समुद्रात डोलकाठीवर चढावयाचे. शीड उसवले तर सुईदोरा घेऊन बसावयाचे. तळाशी साचलेले पाणी उपसावयाचे, आणि ते आले कोठून याचा शोध घ्यावयाचा. बंदरात आल्यावर तळास चिकटलेले शिंपले खरवडावयाचे. ते राहिले तर नौकेची गती मंदावते.

या कामांत हे वरिष्ठाचे आणि हे गड्याचे, असा भेद तेथे नाही. जी सुकाणू धरते तीच मोरी धुते, तीच इंजिनाचे तेल बदलते. आपल्या समाजाने हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नवे बांधण्याचा उत्साह आपल्यात पुष्कळ. बांधलेले राखण्याचे काम मात्र आपण हलके समजतो आणि दुसऱ्यावर टाकतो.

याची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. एका वर्षी विहिरीवरील पंपातून थेंबथेंब पाणी गळू लागले. घरच्या मंडळींनी दोनदा सांगितले. मी ‘पाहू उद्या’ म्हणालो. गळती वाढली, पाणी मोटारीत गेले आणि ऐन वैशाखात मोटार जळाली. दुरुस्त होऊन येईपर्यंत उभी केळी उन्हाने माना टाकून बसली. दोन रुपयांच्या डागडुजीचा आळस वर्षाच्या उत्पन्नावर पडला. माझ्याजवळ निदान जमीन होती. नावेवर तसा आळस केला तर पायाखाली काहीच उरत नाही.

काळजी घेतली म्हणजे संकट येतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ‘तारिणी’चे सुकाणू परतीच्या वाटेवर बिघडले आणि तिला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराचा आश्रय घ्यावा लागला. कमांडर अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये ‘म्हादेई’वरून कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली होती; असा कसलेला नाविक 2018 साली दुसऱ्या एका नौकेवर असताना दक्षिण हिंदी महासागरातील वादळात सापडला, डोलकाठी मोडली, पाठीस जबर दुखापत झाली. तेच टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरून 2023 साली दुसरे आले. धोका आहे, आणि आजोबाच्या काळजास तो जाणवतो.

परंतु मी नातीस विचारले होते, “तेथे तुझे काय काम?” त्याचे उत्तर मला आपल्याच घरात सापडले. पाणी जपून वापरणे, फाटण्याआधी टाका घालणे, निजण्यापूर्वी दारे-दिवे पाहणे, घरातले आजारपण रात्रभर जागून काढणे, हे आपल्या घरांतील स्त्रिया पिढ्यान्पिढ्या करीत आल्या. आपण त्याची कधी गणना केली नाही. समुद्रावर त्याच गुणांस नाविकाची विद्या म्हणतात आणि त्यांचा गौरव राष्ट्र करते. तेव्हा समुद्र आमच्या कुळात नाही ही सबब खरी नव्हे. जे समुद्रावर तारते ते आमच्या कुळात आहेच. आम्ही त्याकडे पाहिले नव्हते.

मी माझा शब्द परत घेतला आहे. नातीच्या अर्जावर निवड होईल न होईल, तो तिच्या परिश्रमाचा प्रश्न. आपल्यापैकी कोणाची मुलगी अशी अपरिचित वाट विचारील, तेव्हा नकार देण्यापूर्वी ती हकीकत एकदा वाचा, एवढीच माझी विनंती आहे.