दंड भरला, कर राहिला

(लखनौ येथील मराठी भाषिक रेल्वे व डाक कामगारांच्या सभेत युनियनच्या चिटणिसांनी केलेले भाषण)



महागाई भत्ता, रिक्त जागा आणि खाजगीकरण यांवर माझ्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर विचार मांडले. मी एका लहान दिसणाऱ्या विषयावर बोलणार आहे. विषय आहे गाडीच्या थकलेल्या कराचा आणि त्यापायी होणाऱ्या कोर्टाच्या दंडाचा. चारबाग, आलमबाग, मानकनगर भागात महाराष्ट्रातून बदलून आलेले आपले बरेच लोक राहतात. क्वार्टरच्या आवारात एक फेरी मारा. एमएच १९, एमएच १३, एमएच ३१ अशा पाट्यांच्या मोटारसायकली दिसतील. हा विषय त्या प्रत्येक पाटीचा आहे.

आपल्या एका सभासदाची हकिकत सांगतो, नाव सांगत नाही. भुसावळहून त्यांची बदली लखनौला झाली. मोटारसायकल त्यांनी पार्सलने आणली. वर्ष उलटले, दुसरे लागले. एके दिवशी तपासणीत गाडी अडवली आणि इथला कर भरला नाही म्हणून चलान हातात पडले. हे म्हणाले, ‘महाराष्ट्रात एकरकमी कर भरला आहे, आता कशाचा कर?’ चलान ट्रंकेत गेले. पुढे समन्स आले, तेही ट्रंकेत गेले. शेवटी वॉरंट घेऊन पोलीस क्वार्टरच्या दारात उभे राहिले, तेव्हा घरच्या मंडळींना प्रथम कळले. मग धावपळ करून त्यांनी कोर्टात दंड भरला आणि सुटलो म्हणून पेढे वाटले. तीन महिन्यांनी कराची नोटीस आली. ती घेऊन ते युनियन कार्यालयात आले आणि म्हणाले, ‘दंड भरला, मग कर कसा राहिला?’

बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्या. या प्रकरणात तीन खाती वेगवेगळी असतात. कराचे खाते परिवहन खात्याकडे, दंडाचे कोर्टाकडे आणि नोकरीचे आपल्या प्रशासनाकडे. एकात पैसे भरले म्हणून दुसरे चुकते होत नाही.

प्रथम कर. मोटार वाहनांचा १९८८ चा कायदा केंद्राचा आहे, पण गाडीवर कर बसवण्याचा अधिकार घटनेने राज्यांना दिला आहे. महाराष्ट्राचा कर १९५८ च्या कायद्याने चालतो, उत्तर प्रदेशाचा १९९७ च्या. म्हणून पुण्यात भरलेला एकरकमी कर लखनौत कामाला येत नाही. केंद्राच्या कायद्याचे कलम ४७ सांगते की, गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. हे १२ महिने क्रमांकाचे आहेत. कराची मुदत ज्या त्या राज्याच्या कायद्यात पाहावी लागते. कर्नाटकाने २०१४ साली कायदा बदलून, बाहेरची गाडी ३० दिवसांपेक्षा जास्त राहिली की आजीवन कर मागायला सुरुवात केली होती. निपाणी-बेळगावकडे पाहुणे असलेल्यांना ते आठवत असेल. २०१६ साली तिथल्या उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. म्हणजे सरकारची मागणी दर वेळी बरोबरच असते असे नाही. परंतु ती चूक आहे हे ठरवायचे कोर्टात. चलान ट्रंकेत टाकून ते ठरत नाही.

गाडी लखनौत कधी आली, हा वादाचा मुद्दा होतो. तिथे आपल्या रेल्वेचीच पार्सल पावती पुरावा म्हणून उपयोगी पडते. तीवर तारीख असते. गाडी सोडवून घेतली की पावती फेकू नका, बदलीच्या हुकमाच्या प्रतीबरोबर जपून ठेवा. मूळ आर.टी.ओ.कडून नमुना २८ वर ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागते. नव्या क्रमांकासाठी नमुना २७ असतो. इथला कर गाडीचे वय पाहून आकारतात. आणि महाराष्ट्रातून गाडी कायमची बाहेर गेली, तर तिथे भरलेल्या एकरकमी कराचा उरलेल्या वर्षांच्या हिशेबाने परतावा मागता येतो. आपल्यातले किती जण तो मागतात? तो आपल्या घामाचा पैसा आहे. अर्ज करा.

आता दंड. आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण खरी आहे, पण कोर्टानेच बोलावले असेल तर न चढणारा शहाणा नव्हे. डाक खात्यातल्या मित्रांना मी काय सांगावे? रजिस्टर पत्र घेतले नाही, तर पोस्टमन त्यावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतो आणि त्या शेऱ्यावरून पत्र मिळालेच असे कोर्ट धरू शकते. तेव्हा समन्स घ्या, तारीख वाचा आणि त्या दिवशी रजा टाकून हजर राहा.

कोर्टात जाताना पाच कागद न्या: नोंदणी पुस्तक, बदलीचा हुकूम, पार्सल पावती, आधीच्या कराची पावती, आणि इथला कर आता भरला असेल तर त्याची पावती. मुदत संपण्याआधीच गाडी अडवली असेल, तर गुन्हा कबूल करण्याची घाई करू नका. तारखा दाखवा, बाजू मांडा. चूक खरोखर आपली असेल तर आधी कर भरून मगच उभे राहा. कर भरून आलेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहते.

वकिलाला पैसे नाहीत, ही सबब चालणार नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात, कलम १२ मध्ये, औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बंधू-भगिनींनाही तो आहे. कारखान्यातल्या फिटर-वेल्डरने हे ध्यानात ठेवावे. जिल्हा न्यायालयातच त्या प्राधिकरणाचे कार्यालय असते, दूरध्वनी क्रमांक १५१००. लोकअदालतीत तडजोडीची प्रकरणे लवकर मिटतात. मात्र तिथला निकाल अंतिम असतो, त्यावर अपील नाही. सही करण्याआधी कागद वाचून घ्या.

दंड झाला आणि खिशात तेवढे पैसे नाहीत, तर काय? गप्प बसू नका, कोर्टाला सांगा. शिक्षा फक्त दंडाची असेल आणि न भरल्यास कैद असा हुकूम असेल, तर कोर्ट जातमुचलका घेऊन मुदत देऊ शकते. एकतर ३० दिवसांत सगळी रक्कम, नाहीतर दोन किंवा तीन हप्ते. पहिला ३० दिवसांच्या आत आणि पुढचे ३० दिवसांहून जास्त अंतर न ठेवता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४२४ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४६४ आहे. हप्त्याची मागणी करण्यात लाज कसली? पतपेढीचे कर्ज आपण हप्त्यानेच फेडतो ना? आणि दंड भरला की पावती व हुकमाची नक्कल घेतल्याशिवाय कोर्टाच्या आवाराबाहेर पडू नका.

काही मित्र म्हणतात, थांबा, सरकार माफ करील. तेही ऐका. याच लखनौतून सप्टेंबर २०२५ मध्ये परिवहन विभागाने जाहीर केले की, २०१७ ते २०२१ या काळातली सुमारे १२ लाख ९३ हजार प्रलंबित ई-चलाने बंद केली जातील. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पण त्यातून कराची चलाने वगळली होती. थकलेला कर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होऊ शकतो. माफीची वाट पाहणाऱ्याचे देणे वाढत राहते.

आता तिसरे खाते, नोकरीचे. सर्वात कमी माहिती आणि सर्वात जास्त धोका इथे आहे. रेल्वेचे १९६८ चे शिस्त व अपील नियम घ्या किंवा डाक कर्मचाऱ्यांना लागू असलेले १९६५ चे नियम घ्या. कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिला, तर तो निलंबित झाला असेच धरले जाते. मग कारण खून असो की मोटारसायकलचा दंड. न भरलेल्या लहान दंडापायी कैद झाली, दोन दिवस उलटले आणि तिसऱ्या दिवशी निम्म्या पगारावर येण्याची पाळी! म्हणून मी म्हणतो की विषय लहान दिसतो, पण लहान नाही.

तरीही घाबरून लपवाछपवी करू नका. अटक किंवा शिक्षा झाली तर वरिष्ठांना लेखी कळवणे आपले कर्तव्य आहे. लपवले तर तो स्वतंत्र ठपका होतो. लेखी कळवा, पोच घ्या, पावती जोडा. एखादा अधिकारी या शिक्षेचा बाऊ करून नोकरीवर उठला, तर त्याला शंकर दास विरुद्ध भारत सरकार हा १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. शिक्षा झालेल्या नोकराला काढण्याचा अधिकारही न्यायाने आणि तारतम्यानेच वापरला पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. आणि उदाहरण कोणते दिले आहे? मनाई असलेल्या जागी स्कूटर उभी केली म्हणून शिक्षा झालेल्या सरकारी नोकराला बडतर्फ करणे घटनेला अभिप्रेत नाही! आपल्या कामाचा यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही.

पुढची गाडी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेची नोंदणी सुरू झाली. केंद्र सरकारचे कर्मचारी म्हणून आपण त्यास पात्र आहोत. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदली झाली तरी क्रमांक तोच राहतो. डिसेंबर २०२२ पासून जुनी गाडीही या मालिकेत आणता येते आणि ओळखपत्र किंवा सेवा-प्रमाणपत्र चालते. पण ही करमाफी नव्हे. दोन वर्षे संपून सात दिवस झाले की दररोज १०० रुपये चढतात. तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तसेच गाडी भाच्याला किंवा मित्राला देऊन याल, तर नमुना २९ व ३० भरून नाव बदला. पुस्तकावर नाव तुमचे, तर समन्सही तुम्हालाच येणार.

शेवटी प्रशासनाकडे एक मागणी. बदली कामगार हौसेने मागतोच असे नाही. हुकूम तुम्ही काढता, गाडी आम्ही हलवतो, कर आम्ही भरतो. तर बदलीच्या हुकमाबरोबर या नियमांची एक पानाची माहिती हिंदी, मराठी आणि इंग्रजीत द्या आणि सेवा-प्रमाणपत्र अर्ज केल्यापासून आठवड्याच्या आत द्या. याला फार पैसा लागत नाही. हा ठराव आजच्या सभेने मंजूर करावा अशी माझी विनंती आहे.

आणि सभासदांना विनंती, चलान आले की त्याच आठवड्यात युनियन कार्यालयात या. ट्रंकेत ठेवलेल्या कागदाला आम्ही उत्तर देऊ शकत नाही, टेबलावर ठेवलेल्या कागदाला देऊ शकतो. ज्यांची हकिकत सांगितली, त्यांनी इथला कर भरला, यूपी ३२ ची पाटी लावली आणि महाराष्ट्रातल्या परताव्याचा अर्जही केला. आता नव्याने बदलून येणाऱ्यांचे कागद तेच तपासून देतात.

कामगार एकजुटीचा विजय असो!