पुण्याचें पाणी व आरोग्याची वांटणी



ज्युबिलीच्या आनंदांत दुखण्याचा विषय कशाला, असें कोणास वाटेल. पण आम्हांस तो टाळवत नाहीं. इ. स. 2025 च्या जानेवारींत पुण्यांत गुलेन बॅरी या विकाराची सांथ आली. दूषित अन्नपाण्यांतील जंतूंशीं झुंजतां झुंजतां शरीराची रक्षकशक्ति आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, आणि हिंडतें-फिरतें माणूस अंथरुणास खिळतें. दोनशेंहून अधिक संशयित रोगी आढळले. त्यांतील पुष्कळ सिंहगड रस्त्याकडील नांदेड, किरकटवाडी या भागांतले. हीं गांवें 2021 सालीं महानगरपालिकेंत आलीं. पाणी मात्र विहिरीचें, केवळ जंतुनाशक औषध घातलेलें. तें गाळून शुद्ध करणारें केंद्र त्यांच्यासाठीं नव्हतें.

आणि हीं गांवें आहेत कोठें? खडकवासल्याच्या धरणालगत! शहराचा मोठा भाग ज्याचें पाणी पितो, त्याच्या उशाशीं.

हें धरण 1870 नंतरच्या दशकांत उभें राहिलें. शेतीबरोबर पुणें व खडकीच्या लष्करी छावण्यांस पाणी देणें, हाहि त्याचा हेतु होता. पेठांतील लोकांची भिस्त पेशवाईंतल्या कात्रजच्या नळावर व त्याच्या हौदांवर. तेथेंहि सर्वांस सारखी मुभा नव्हतीच. म्हणून जोतीराव फुल्यांनीं 1868 सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. राज्यकर्त्यांचा वर्णभेद तेवढा वाईट, आपला जातिभेद सोंवळा, असें म्हणण्याची सोय इतिहासानें ठेविलेली नाहीं. आम्हां कॅथलिकांतहि नाना पेठेंतलें देवालय पेशव्यांनीं दिलेल्या जागेवर, तर लष्करांतलें सेंट पॅट्रिक आयरिश शिपायांसाठीं. सीमा आमच्यामधूनहि गेली होती.

आतां गोरा साहेब नाहीं. तरी पैसा आधीं कोठें पोंचतो? सांथ आल्यावर मंगळवार पेठेंतील कमला नेहरू रुग्णालयांत मोफत उपचारांची सोय झाली, ही चांगलीच गोष्ट. परंतु या विकारावरील इंजेक्शनें फार महाग, आणि अनेकांनीं तोंवर खासगी रुग्णालयें गांठलीं होतीं. रोग्याच्या खाटेपाशीं ओतलेला पैसा विहिरीपाशीं आधीं खर्चला असता, तर!

आपल्या धर्मग्रामांतील कांहीं कुटुंबें त्या बाजूस राहावयास गेलीं आहेत. नव्यानें आलेल्या प्रत्येक गांवाच्या पाण्यासाठीं व दवाखान्यासाठीं किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली, याचा हिशेब मागणारा अर्ज त्यांनीं लिहिला आहे. सभा संपल्यावर तो दाराजवळच्या मेजावर ठेवूं. सह्या तेथें कराव्या.