जीवनसूत्रांतील वीज

घरांतील दिव्याची तार तांब्याची असते व तींतून वीज वाहते, याचें आपणांस नवल वाटत नाहीं. परंतु आपल्या पेशींत आनुवंशिकतेचें जें सूत्र गुंडाळून ठेवलेलें आहे, त्या डीएनएमधूनहि विद्युद्भार सरकतो, हें ऐकून आपण क्षणभर थबकाल.

वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ सालीं या रेणूची रचना मांडली. दोन धागे एकमेकांभोंवतीं पिळलेले, आणि मध्यें पायऱ्यांप्रमाणें बसलेल्या चपट्या जोड्या: अॅडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. दोन पायऱ्यांमधील अंतर मिलिमीटरच्या सुमारें तीस लाखाव्या भागाएवढें. नाण्यांची चवडच म्हणा ना! इतक्या निकटच्या थरांतून विद्युत्कण जाऊं शकतील, हा विचार एली व स्पिव्ही यांनीं १९६२ मध्यें पुढें मांडला.

पण तो भार जातो कसा? येथें तारेची उपमा सोडावी लागते. चौघां घटकांत ग्वानीन आपला इलेक्ट्रॉन सर्वांत सहज गमावतो, आणि तेथें एक जागा रिकामी होते. नाटकगृहांत एक खुर्ची रिकामी झाली, शेजारचा तीवर सरकला, त्याच्या जागीं त्याचा शेजारी आला, कीं माणसें एकीकडे सरकतात व रिकामी खुर्ची दुसरीकडे चालूं लागते. डीएनएमध्यें चालते ती ही रिकामी खुर्ची. दोन ग्वानीन जवळ असले तर मधल्या जोड्यांना न शिवतां ती एका उडींत पलीकडे जाते; मध्यें अॅडेनीनची लांब रांग आली तर त्यांच्यावर टेकत टेकत जाते. हें बाझेलच्या बर्न्ड गीझे यांनीं २००१ सालीं प्रयोगानें दाखविलें.

मग डीएनए सुवाहक कीं दुर्वाहक? १९९९ मध्यें बाझेलहून उत्तर आलें: सुवाहक. २००० मध्यें डेल्फ्टहून आलें: अर्धवाहक. इतरांना तो शुद्ध दुर्वाहक आढळला! एकाच वस्तूविषयीं हीं तीन उत्तरें ऐकून हंसूं येतें खरें. परंतु धाग्याची लांबी, त्यांतील अक्षरांचा क्रम, भोंवतालचें पाणी व क्षार, धातूशीं झालेली जोडणी, यांपैकीं एक बदललें तरी माप बदलतें.

कॅलिफोर्नियांतील जॅकलिन बार्टन यांचे प्रयोग मला अधिक गंभीर वाटतात. त्यांनीं धाग्याच्या टोकाशीं ऱ्होडियम धातूचें एक संयुग बांधून त्यावर प्रकाश टाकला. इजा झाली ती कित्येक पायऱ्या दूरच्या, लागोपाठ बसलेल्या ग्वानीनांना. १९९९ पर्यंत हें अंतर पन्नासांहून अधिक पायऱ्यांवर गेलें. म्हणजे घाव एकीकडे व जखम दुसरीकडे! आणि वाटेंत एखादी जोडी चुकीची जुळलेली असली तर भाराची वाटचाल तेथेंच मंदावते.

या मंदावण्यावरून पेशींतील दुरुस्ती करणारीं प्रथिनें दोष हुडकीत असावींत, असें बार्टन यांचें मत आहे. त्यांपैकीं कांहीं प्रथिनांत लोह व गंधक यांचा एक पुंजका असतो, हें खरें. मात्र तेवढ्यावरून तीं विजेनेंच सूत्र तपासतात असें म्हणावयास कित्येक रसायनशास्त्रज्ञ तयार नाहींत, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.